ठवकरकाकांची साडेसातची हजेरी

सकाळचे बरोब्बर सात वाजले की आमच्या फाटकाशी एक खाकी स्वेटर येऊन उभा राही आणि त्याच्या आतून आवाज येई, "हजेरी!"

यावर घरातल्या प्रत्येकानं असेल तिथून ओरडून उत्तर द्यायचं असा नियम होता. मी दाढी करता करता "हाजिर" म्हणायचो. माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून "हाजिर" म्हणायची. मग बाहेरून "सब ठीक?" अशी विचारणा होई, आम्ही "सब ठीक" म्हणायचो, आणि "रॉजर, ओव्हर" असं पुटपुटत ठवकरकाका पुढच्या घराकडे वळत. एकदा तोंडात फेस होता म्हणून मी गप्प राहिलो. अर्ध्या मिनिटात काका आमच्या न्हाणीघराच्या दारावर धडका देत होते आणि त्यांच्या हातात आमचीच कुदळ होती.

"अहो काका, दात घासत होतो!"

"घासा न! पण बादली तरी वाजवा," काका धापा टाकत म्हणाले. "गप नाई राहाचं मास्तर. गप माणसाचं काय समजावं कोणी?"

त्या दिवसापासून मी दात घासताना डाव्या हातानं टमरेल वाजवू लागलो. सुरुवातीला लाज वाटली, मग सवय झाली.

ठवकरकाका जंगल खात्यात वायरलेसवर होते. घर बालाघाटला आमच्या शेजारी, पण सारी नोकरी बैहरच्या डोंगरात गेली. रानातल्या वीस-बावीस चौक्यांना ठरल्या वेळी हाक मारायची, प्रत्येकीनं "हाजिर, सब ठीक" म्हणायचं, काकांनी रजिस्टरात वेळ मांडायची आणि पुढच्या चौकीला हाक मारायची. जी चौकी गप्प, तिकडे जीप निघायची. काका निवृत्त झाले तेव्हा सरकारनं त्यांच्याकडून संच परत घेतला, सवय घ्यायची राहून गेली. चौक्या नव्हत्या म्हणून मग आमच्या गल्लीतली चार घरं भरती झाली.

काकांना वाघाची भीती नव्हती. "वाघ आवाज करते," ते म्हणत. "वाघाचं कायचं भेव? भेव गपचं." वाघ सोडून बाकी सगळ्याची मात्र त्यांना धास्ती होती. एकदा मी त्यांच्याबरोबर तिरोडीला एका लग्नाला गेलो. बसमध्ये चढण्याआधी त्यांनी बसचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव कागदावर लिहून तो कागद सुनंदाच्या हाती दिला. वाटेत बस जिथे म्हणून थांबेल तिथे उतरून पीसीओ शोधायचा आणि आमच्या घरी कळवायचं, "वारासिवनी पार. ओव्हर." "कटंगी पार. ओव्हर." तिरोडीत नवरदेवाची वरात दोन तास उशिरा आली, आमची बातमी मात्र घरी वेळेवर पोचली होती. मला हसू आवरेना. तेव्हा मी या सगळ्याला हसतच असे.

आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हा काकू नव्हत्या. त्याआधीच वारल्या होत्या. काकांची एकुलती मुलगी वैशाली आमच्यादेखत लग्न करून कॅनडाला गेली होती. दोन हजार दोन सालच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी काका आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. हे इतकं अघटित होतं की सुनंदा पाणी घेऊन बाहेर आली.

"वैशूले दिवस हायेत," शेवटी ते म्हणाले. "सासूचे गुडघे गेले, ते जाऊ शकत नाई. म्हणे, बाबा, आई असती त आली असती. तुमीच या."

"मग जा की काका! आनंदाची गोष्ट आहे."

"मले भेव वाटून राह्यलं मास्तर."

"विमानाचं?"

"विमानाचं त वाटतेच. पण थे पडलं त पडलं, समजते तरी. मी म्हणतो, तिकून आवाजच नाई आला त? फोन लागला नाई त? इकडं काई झालं, मले कोण सांगन? तिकडं मले काई झालं, कोणाले समजन?"

मला त्यांची कीव आली आणि मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणालो, "काका, आता इंटरनेट आहे."

काली पुतली चौकाजवळ टेंभरेचं सायबर कॅफे होतं. प्लायवूडच्या चार खोपट्यांत चार कॉम्प्युटर, आणि चौघांना मिळून एक टेलिफोनची लाइन. टेंभरेनं कनेक्शन लावलं तशी मॉडेममधून ती किर्र खर्र सुरू झाली, आणि काकांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हा त वायरलेसच हाय!" जग आपल्या ओळखीचं निघाल्यावर माणूस जसा सैल होतो तसे ते खुर्चीत मागे टेकले.

पण पहिला मेल पाठवल्यावर ते पुन्हा ताठ झाले. "पोचला हे कसं समजावं?"

"पहुँच ही जाता है काकाजी," टेंभरे म्हणाला.

"जाता है मतलब? उसने बोला क्या, मिला करके?"

मग मला शेजारच्या खोपट्यात बसवण्यात आलं. काकांनी मेल पाठवला, मी उलट "मिळाला" असं पाठवलं. तो मिळाला हे मला कळावं म्हणून काकांनी "मिळाला मिळाला" पाठवलं. आता तो मला मिळाल्याचं मी कळवणं भाग होतं. दोन हातांच्या अंतरावर बसलेली दोन माणसं तासभर एकमेकांना पोच देत होती. शेवटी टेंभरेनं आतून हात जोडले आणि मेन स्विचकडे बोट दाखवलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी काकांनी मला एक जाड रजिस्टर दिलं. त्यात त्यांनी स्वतः पट्टीनं रकाने आखले होते : तारीख, वेळ, हाक, उत्तर, शेरा. रोज संध्याकाळी साडेसातला मी टेंभरेकडे बसायचं. तेव्हा तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, हे त्यांनी तीन जणांना विचारून पक्कं केलं होतं. ते हाक मारतील, मी उत्तर द्यायचं, नोंद करायची. आपला पासवर्ड त्यांनी मला, टेंभरेला आणि वाण्याला सांगून ठेवला, एखादा विसरला तर असावा म्हणून. गळ्यात दोरीनं एक कार्ड अडकवलं होतं, त्यावर माझा ई-मेल पत्ता. खाली हिंदीत लिहिलं होतं, "इनको खबर करें."

"काका, खबर काय करायची?"

"काई बी," ते म्हणाले. "असली त."

ते गेले. दुसऱ्या संध्याकाळी मी टेंभरेकडे बसलो तर एका अनोळखी बाईचा मेल आलेला. इंग्रजीत. विमान बदलताना मधल्या विमानतळावर काकांनी त्या बाईला गळ्यातलं कार्ड दाखवून विनंती केली होती. बाईनं लिहिलं होतं की तुमचे काका सांगताहेत, अर्धा रस्ता पोचलो, विमान फार हललं नाही, गॅसची टाकी बंद आहे का ते बघा, ओव्हर. आणि खाली तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं : कृपया उत्तर द्या, ते माझ्या शेजारी उभेच आहेत. मेल येऊन सहा तास झाले होते. बिचारी बाई किती वेळ अडकली होती कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी इंग्रजी अक्षरांत मराठी आलं : "पोचलो. थंड लय. सब ठीक. ओव्हर." मी रजिस्टरात लिहिलं.

वैशालीच्या घरी इंटरनेट होतं, पण ते टेलिफोनच्याच लाइनवर चाले. इंटरनेट लावलं की फोन बंद. तेवढ्यात पोरीला काही झालं आणि दवाखान्याला फोन करायचा असला तर? म्हणून काका घरच्या कॉम्प्युटरला हात लावीनात. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय होतं, तिथे अर्धा तास इंटरनेट फुकट मिळे. नऊला ते उघडायच्या आधीच काका दाराशी उभे असत. रविवारी ते बंद असायचं, म्हणून शनिवारी सूचना येई : "उद्या चौकी बंद. आवाज येणार नाही. घाबरू नये."

त्यांचे मेल मी घरी येऊन सुनंदाला वाचून दाखवायचो आणि आम्ही पोट धरून हसायचो. "शेजाऱ्याचं नाव वैशूले बी माहीत नाई. मी सकाळी त्याच्या दाराशी हजेरी मागतली. तो पोलिसाले बलावणार होता. आता नुसता हात हलवते." दुसऱ्या दिवशी : "रस्त्यावर माणूस नाई. कुत्रं भुंकत नाई. खिडक्या बंद. पोरगी झोपली का उठली समजत नाई. मी मधामधात तिच्या दारावर टकटक करतो, ते चिडते." आणि एकदा : "आज बर्फ पडला. पाऊस येते त वाजत तरी येते. हे गपचूप पडते. मले पसंत नाई."

हा शेवटचा वाचताना मी हसलो, सुनंदा हसली नाही.

जानेवारीत चौकातला रस्ता खोदताना टेलिफोनची तार तुटली. टेंभरेचं कॅफे आणि आमच्या घरचा फोन, दोन्ही दोन दिवस मुके झाले. मी काही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आठवीच्या वर्गावर त्रिकोण शिकवत होतो, तेवढ्यात शाळेच्या आवारात जंगल खात्याची हिरवी जीप घुसली. वर्दीतले दोघे उतरले आणि हेडमास्तरांना माझं नाव विचारू लागले. मी घाबरत बाहेर आलो.

"मास्टरजी आप ही हैं?" त्यातल्या मोठ्यानं मला खालून वर न्याहाळलं. "ठवकरबाबू का कनाडा से फोन आया था, बैहर में। पूछ रहे हैं आप जिंदा हैं क्या।"

मी जिंदा असल्याचं सांगितलं. तेवढ्यावर त्याचं भागेना. त्यानं कागदावर माझी सही घेतली. मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत बातमी पसरली होती की मास्तरांनी चितळ मारलं. हेडमास्तरांनी चहा पाजला, पण विचारलं, "नेमकं काय प्रकरण आहे?" काय सांगणार, कपाळ?

माझं डोकं फिरलं होतं. संध्याकाळी लाइन सुरू झाली होती. मी टेंभरेकडे बसून लिहिलं : "काका, तार तुटली होती, बाकी काही नाही. रोज बसणं मला आता जमणार नाही. आठवड्यातून एकदा बघत जाईन. एवढं घाबरण्यासारखं काय आहे? काही झालं तर कळवीनच."

काका तिकडे बसलेलेच असावेत. दोन मिनिटांत उत्तर आलं. "रॉजर. ओव्हर." सब ठीक का, असंही नव्हतं.

घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं हातातली कणीक तशीच ठेवली.

"काई झालं त कळवीनच, असं लिहिलं तुमी?"

"हो. का?"

"तुमाले माहीत नाई का? वैशालीनं मले सांगतलं होतं, लग्नाच्या वेळी."

आणि तिनं सांगितलं. काका सोमवारी पहाटेच्या बसनं बैहरला जायचे. परत येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ ते निरोप द्यायचे, "पोचलो." काकू बस स्टँडवर जाऊन उभ्या राहायच्या. ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "पोचले हो बाई!" मगच घरी यायच्या. इतकी वर्षं एकही सोमवार चुकला नाही. शेवटच्या सोमवारी काकूंच्या छातीत पहाटेपासून दुखत होतं. काकांना कळू दिलं नाही. ड्रायव्हरनं विचारलंही, बाई, चेहरा असा काहून? तर त्याच ड्रायव्हरजवळ त्यांनी उलट निरोप पाठवला, "त्याईले सांगजा, इकडं सब ठीक. काई झालं त कळवीनच."

दुपारी त्या गेल्या. घरी फोन नव्हता. बातमी बालाघाटहून बैहरला वायरलेसनं गेली, आणि तिकडे संचावर काकाच होते. घेतलेला संदेश पुन्हा म्हणून दाखवायचा असतो, तसा नियमच आहे. त्यांनी तो शब्द न् शब्द पुन्हा म्हणून दाखवला. रजिस्टरात वेळ लिहिली. मग उठले.

मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातच्या आधीच मी टेंभरेकडे जाऊन बसलो. माफी मागायची होती. साडेसात वाजले. काही आलं नाही. रुसले असतील, म्हटलं. मीच लिहिलं, "काका, चुकलो. मी रोज बसेन. हाजिर आहे. उत्तर द्या." आठ वाजले. साडेआठ वाजले. मॉडेम मधूनच खरखरायचं आणि मी दचकून पडद्याकडे बघायचो. रजिस्टर जवळ होतं. लिहिलं : उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी गेलो, मधल्या सुट्टीत गेलो, शाळा सुटल्यावर गेलो. टेंभरे म्हणाला, "सर, उधर अभी रात है।" मला ते ठाऊक होतं, तरी जात होतो. घरच्या फोनवरून परदेशात लागत नसे, म्हणून संध्याकाळी पीसीओवरून वैशालीच्या घरी फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली. मी घड्याळात बघून पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. एवढं मोठं घर, पोरीचे दिवस भरत आलेले, आणि उचलायला कुणी नाही? मला तो गपचूप पडणारा बर्फ दिसू लागला. वाचनालयाच्या वाटेवर म्हातारा पडला असेल, वरून बर्फ पडत असेल, आणि गळ्यातल्या कार्डावर माझा पत्ता असेल. खबर आलीच तर माझ्याकडे येणार होती. पडदा उघडायचीही भीती वाटू लागली आणि बंद करायचीही. दोनच दिवसांपूर्वी मी या माणसाला विचारलं होतं, घाबरण्यासारखं काय आहे?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला नव्हे, आठला नव्हे, ठीक साडेसातला मेल आला.

"मास्तर, नात झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. वैशूचं रक्त लय गेलं. दोन दिवस ते बोलली नाई. डॉक्टर म्हणे, घरी जा. मी गेलो नाई. उशाशी बसून तिले हाका मारून राह्यलो होतो. आज सकाळी तिनं हौ म्हटलं. माही हजेरी चुकली, नोकरीत कधी चुकली नव्हती. माफी असावी. आता दोघीही हाजिर. सब ठीक. ओव्हर."

मी टेंभरेच्या त्या खोपट्यात बसून रडलो. टेंभरेनं मला पाणी आणून दिलं आणि मग स्वतःही डोळे पुसत बसला.

काका एप्रिलमध्ये परत आले. खाकी स्वेटर गळ्यापर्यंत तसाच होता, फक्त खिशात नातीचे फोटो होते. चहा पुढे येण्याआधीच त्यांनी हात पुढे केला. "रजिस्टर."

मी टाळायला बघितलं, पण सुनंदानं आतून आणून दिलं. काका ओट्यावर बसले, चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत तपासू लागले. एक-दोन ठिकाणी वेळ न लिहिल्याबद्दल त्यांनी माझ्याकडे नाराजीनं पाहिलं. मग जानेवारीचं पान आलं. बोट थांबलं.

त्या पानावर तीन दिवसांच्या एकोणीस ओळी होत्या. साडेसात, उत्तर नाही. आठ, उत्तर नाही. सकाळी दहा. दुपारी दीड. पीसीओवरून फोन, उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. अक्षर खाली खाली जात वाकडं होत गेलेलं. तेराव्या-चौदाव्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात मी काहीतरी लिहून बसलो होतो, माझ्या लक्षातही नव्हतं. काकांनी ते डोळ्याजवळ नेऊन वाचलं. "भीती वाटते."

त्यांनी चष्मा काढला.

"तू भ्यायलता, बाबू?" आजवर ते मला मास्तर, तुमी, असंच म्हणत आले होते.

"हो काका. खूप भ्यालो."

"माह्यासाठी?"

मी मान हलवली.

काका फाटकाकडे बघत राहिले. "थे गेली न," ते म्हणाले, "त्याच्या नंतर मी सगळ्यायसाठी भेलो. माह्यासाठी कोणी भ्यायलंच नव्हतं. मले वाटे, आता आपुन कुठं बी गेलो, पोचलो काय अन् नाई पोचलो काय."

मग त्यांनी स्वेटरच्या आतून पेन काढलं. चहा थंड होत होता, पण सुनंदानं खूण करून मला गप्प बसवलं. त्या पानावरचा उत्तराचा रकाना सबंध "उत्तर नाही"नं भरलेला होता. काकांनी त्या प्रत्येकाशेजारी, गोल अक्षरात, अजिबात घाई न करता, एकोणीसच्या एकोणीस ओळींत एकच शब्द लिहिला : पोचलो.